आपल्याच गल्लीतली कादंबरी: मुंबईवरच्या मराठी कादंबऱ्या वाचायच्या कशा

करी रोडच्या माणसाच्या हातात करी रोडवरची कादंबरी दिली, की पहिली वीस पानं तो कादंबरी वाचत नाही, पत्ते तपासतो. हा नाका म्हणजे तोच ना? हा इराणी म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा का? पूल उतरून डावीकडे वळला म्हणतोय, पण डावीकडे तर गिरणीची भिंत होती! यात मजा आहे, नाही असं नाही. पण तेवढ्या वेळात लेखकाने काय सांगितलं ते निसटून जातं. ओळखीच्या जागेचं वर्णन आलं की डोळा आळसावतो आणि कागदावरचं चित्र न बघता डोक्यातलं तयार चित्र लावून मोकळा होतो. अनोळखी गावातल्या कादंबरीत असं होत नाही, कारण तिथे लावायला आपल्याकडे चित्रच नसतं.

ही ओळख अडथळा न होता कामाला यावी, यासाठी थोडी शिस्त लागते. सामान फार नाही: एक पेन्सिल, एक मोठा कोरा कागद, वाचनालयाचं सभासदत्व आणि दोन-तीन रविवार.

पहिलं पुस्तक आपल्या गल्लीतलं घेऊ नका

दोन-तीन स्टेशनं पलीकडचं घ्या. दादरला राहत असाल तर गिरगाव किंवा माहीम, डोंबिवलीत राहत असाल तर लालबाग. शहर ओळखीचं, भाषा ओळखीची, पण प्रत्येक जिना पाठ नाही, एवढं अंतर सुरुवातीला बरं. आपल्या वाडीतली कादंबरी तिसरी-चौथी वाचा, तोवर डोळा तयार झालेला असतो.

जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचाव्यात. दोन्हींत झोपडपट्टी आहे आणि दोन्ही एकाच दशकातल्या आहेत. विषय एकच असल्यामुळे दोन लेखक एकाच प्रकारच्या जागेकडे कसं वेगळं बघतात हे आपोआप कळतं. त्यानंतर भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ (१९६५). नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची ही कादंबरी भाषेमुळे गाजली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली आणि दुर्गाबाई भागवत तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. हा वाद पुस्तक संपल्यावर वाचा. आधी वाचलात तर शिव्या मोजत बसाल.

राजकारणाची मुंबई हवी असेल तर अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ आधी, ‘सिंहासन’ (१९७७) नंतर. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट या दोन्ही कादंबऱ्यांवर मिळून बेतला आहे, म्हणून तो शेवटी बघा. चित्रपट आधी पाहिला की पुस्तकातली सगळी माणसं नटांच्या चेहऱ्यांनी बोलू लागतात. ‘चक्र’लाही हेच लागू, त्यावर १९८१ चा हिंदी चित्रपट आहे. गावाकडून आलेल्या शिकलेल्या तरुणाच्या नजरेतली मुंबई भालचंद्र नेमाड्यांच्या ‘बिढार’मध्ये (१९७५) सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं मध्यमवर्गीय मुंबईकराचं जगणं हवं असेल तर श्री. ना. पेंडशांची ‘लव्हाळी’, तीही रोजनिशीच्या रूपात. पेंडसे स्वतः बेस्टमध्ये नोकरीला होते. कोकणातल्या कादंबऱ्यांमुळे त्यांच्यातला मुंबईकर थोडा झाकला गेला, असं आमचं मत.

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) मात्र शेवटी ठेवा. तिच्यात काळ सरळ चालत नाही, प्रसंग तुकड्यातुकड्यांनी येतात. उभ्याने लोकलमध्ये ही कादंबरी वाचायला घेणारे बहुतेक लोक तिसाव्या पानावर सोडतात, आणि दोष पुस्तकाला देतात. तिला टेबल-खुर्ची लागते. ‘वासूनाका’ मात्र डब्यात वाचता येतो, संवाद खटाखट पुढे जातात.

पुस्तक मिळवताना

यातली काही पुस्तकं कधी छापलेली असतात, कधी नसतात. दुकानात ‘आउट ऑफ प्रिंट’ असं उत्तर आलं म्हणून थांबू नका. दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात आधी विचारा, बुकगंगाच्या संकेतस्थळावर शोधा, आणि नाहीच मिळालं तर वाचनालय. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, दादर पूर्वेला त्याचा संदर्भ विभाग आहे. उपनगरांतही चांगली मराठी वाचनालयं टिकून आहेत. सभासद होताना बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम, वर्गणी, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अनामतीची पावती जपून ठेवा, परत घेताना तीच मागतात.

सूचीत लेखक आडनावाने शोधा: ‘कर्णिक, मधु मंगेश’, ‘पाध्ये, भाऊ’. नाव सापडलं नाही तर शुद्धलेखन बदलून बघा. जुन्या नोंदींत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ आजच्यापेक्षा वेगळे असतात. ‘मुंबई’ असा विषय देऊन शोधलंत तर इतिहास, मार्गदर्शिका आणि महापालिकेचे अहवाल निघतील, कादंबऱ्या जवळपास नाहीत.

जुनी प्रत विकत घेताना फर्मे, म्हणजे एका कागदावर छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, मोजा. डेमी आकाराच्या पुस्तकाचा एक फर्मा बहुधा १६ पृष्ठांचा असतो. म्हणून १६–१७, ३२–३३, ४८–४९ असे सांधे उघडून बघायचे. चूक झाली असेल तर ती तिथेच असते: ३२ नंतर एकदम ४९, किंवा १७ ते ३२ दोनदा. नुसती चाळून बघितलेली प्रत हमखास फसवते, कारण मधले सोळा पृष्ठांचे भोक अंगठ्याखाली जाणवत नाही. शिवण आणि कसर दोन्ही बघा. पानांना बारीक भोकं आणि मधे पिठासारखी पूड असेल तर ते पुस्तक घरातल्या कपाटात थेट ठेवू नका. जून ते सप्टेंबर पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवलीत तर मागून बुरशी धरते, बोटभर फट सोडा. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात काढून टाकलेलंच बरं, आत ओल अडकते.

हक्कांचंही थोडं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे गिरणी कामगारांवरची त्यांची ‘धावता धोटा’ २०२५ पासून मुक्त झाली आहे. अशा जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती शोधायला हरकत नाही. वर सांगितलेल्या बाकीच्या कादंबऱ्यांचं तसं नाही. पीडीएफ फिरते म्हणून ती वाचायला मोकळी असते असं समजू नये.

आधी साल, मग जागा

पुस्तक हातात आलं की प्रस्तावना सोडा आणि श्रेयपृष्ठ उघडा. तिथे पहिल्या आवृत्तीचं साल शोधा. ‘पुनर्मुद्रण २०११’ वाचून २०११ ची मुंबई डोळ्यांसमोर आणणं ही सर्रास होणारी चूक. हाती आलेली कादंबरी १९६५ ला छापलेली असेल तर तिच्यातली गोष्ट १९६५ ची किंवा त्याच्या आधीची. किती आधीची, ते पुस्तकातच दडलेलं असतं. मुंबई या बाबतीत फार सोयीची आहे, कारण इथल्या गोष्टी तारखेसकट बदलल्या.

ट्राम धावत असेल तर प्रसंग ३१ मार्च १९६४ च्या आतला. त्या रात्री शेवटची ट्राम गेली. ‘दादर टीटी’मधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी टॅक्सीवाला टीटीच म्हणतो. मध्य रेल्वेला ‘जीआयपी’ किंवा पश्चिम रेल्वेला ‘बीबीसीआय’ म्हटलं असेल तर काळ १९५१ च्या आधीचा, नाहीतर बोलणारा म्हातारा. दारूसाठी माणसं चोरून कुणा आंटीच्या खोलीवर जात असतील तर १९४९ चा दारूबंदी कायदा पाठीशी आहे. पुढे परवान्यांनी ती बंदी सैल होत गेली. ‘नवे पैसे’ आले की १९५७ ते १९६४. ‘चार आणे’ मात्र पुरावा धरू नका, पंचवीस पैशांना लोक पुढे कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत होते. हिशेबात ‘साडेतीन आणे’ किंवा पै आली, तर मात्र जुना काळ नक्की.

पत्ता बघा. ‘मुंबई ४’, ‘मुंबई १२’, ‘मुंबई १४’ हे टपालखात्याचे जुने विभाग. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि हेच आकडे शेवटी जाऊन बसले: गिरगाव ४००००४, परळ ४०००१२, दादर पूर्व ४०००१४. त्यामुळे जुन्या पुस्तकातला ‘मुंबई २८’ वाचला की दादर पश्चिम हे लगेच लावता येतं. प्रकाशकाचा पत्ताही असाच वाचा. पुस्तक कुठून निघालं हे कळतं, आणि किती मराठी पुस्तकं ‘मुंबई ४’मधून निघाली हे पाहून गिरगावाबद्दलचा आदर वाढतो.

गिरण्यांचा भोंगा वाजत असेल तर १८ जानेवारी १९८२ ही तारीख पेन्सिलने समासात लिहा. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप त्या दिवशी सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाच्या आधीची आणि नंतरची लालबाग-परळ ही कादंबरीपुरती दोन वेगळी गावं आहेत. संपाआधीच्या कादंबरीत घड्याळ नसलेल्या खोलीतही प्रत्येकाला वेळ ठाऊक असते. स्वयंपाक, भांडण, नळावरची रांग सगळं गिरणीच्या पाळीवर चालतं. संपानंतरच्या कादंबरीत दुपारी घरी बसलेला पुरुष दिसला, की तेवढ्यावरून कळायचं.

रस्त्यांची नावं हा वेगळा धडा आहे. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग, डिलाइल रोडचा ना. म. जोशी मार्ग, कॅडेल रोडचा वीर सावरकर मार्ग, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग. व्हीटी १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी. पण नाव बदलल्याची तारीख आणि लोकांच्या तोंडातून जुनं नाव जाण्याची तारीख यात कधीकधी पन्नास वर्षं असतात. म्हणून निवेदक काय म्हणतो आणि पात्र काय म्हणतं हे वेगळं टिपा. रोजच्या बोलण्यात ‘डॉ. भडकमकर मार्ग’ असं पूर्ण म्हणणारं पात्र एकतर पोस्टमन असावं, नाहीतर लेखकाचं लक्ष नव्हतं.

खोलीचा आराखडा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. कादंबरीतलं मुख्य घर कागदावर काढा. चाळीतलं असेल तर दार, गॅलरी, मोरी, चुलीची किंवा स्टोव्हची जागा, पोटमाळा असेल तर तो, जिना, सार्वजनिक संडास आणि नळ. मापं पुस्तकात नसतील तर अंदाजाने १० बाय १२ फूट धरा. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे १० बाय १६. आता त्या खोलीत राहणारी सगळी पात्रं पेन्सिलीने झोपवा. कोण कॉटवर, कोण कॉटखाली, कोण मोरीकडे पाय करून, कोण गॅलरीत.

हे खुळचट वाटेल, पण अर्धी कथा इथेच उलगडते. नवरा-बायकोला बोलायला जागा कुठे? सासरे गॅलरीत झोपायला कधी लागले? गावाहून पाहुणा आला की कोण बाहेर जातं? चाळीच्या कादंबरीत एकांत ही वस्तू आहे. ती कमवावी लागते, चोरावी लागते, आणि बरेचदा कथानक तिच्यामागेच धावत असतं. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या वाचकाला हे सहज कळत नाही. त्याला नायक रात्री दोन वाजता चौपाटीवर जातो ते काव्यमय वाटतं. आराखडा काढला की कळतं, त्या खोलीत जागं राहून कूस बदलायलाही जागा नव्हती.

तसंच दाराचं. चाळीत दिवसा दार उघडं असतं, पडदा असतो फार तर. त्यामुळे ‘तिने दार लावून घेतलं’ हे साधं वाक्य दुपारच्या प्रसंगात आलं तर ती घटना आहे. गॅलरीतून पाच बिऱ्हाडांनी ते पाहिलेलं असणार. पुढच्या दोन-तीन प्रकरणांत त्याचे पडसाद शोधा, सापडतात.

गिरणगावात कुटुंबाच्या खोलीशिवाय दुसरा प्रकार असायचा: एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली. तिथे बायका नाहीत. ट्रंका भिंतीला, वळकट्या वर, आणि झोपायची जागा पाळीप्रमाणे. एक उठला की दुसरा आडवा. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाई. अशा खोलीचा आराखडा काढताना माणसांसोबत वेळाही लिहा, नाहीतर चौदा माणसं बसवताना कागद संपेल. झोपडपट्टीच्या कादंबरीत घराऐवजी वस्तीचा आराखडा काढावा: पाणी कुठून येतं, वाट कुठून आत येते, भरती आली की कुठली घरं आधी भिजतात.

रुळांचा कागद

मुंबईचा रस्तानकाशा घेऊन बसू नका, त्यात जीव गुदमरतो. कोऱ्या कागदावर तीन उभ्या रेघा ओढा: पश्चिम, मध्य, हार्बर. कथेत येणारी स्टेशनं मांडा आणि दादरला पश्चिम आणि मध्य या दोन रेघा जोडा. प्रत्येक मुख्य पात्रासाठी तीन खुणा करा: राहतं कुठे, कामाला जातं कुठे, आणि कुणालाही न सांगता जातं कुठे. ही तिसरी खूण असली की ते पात्र लक्षात राहणार, नसली की बहुधा नाही.

अंतरं डोक्यात ठेवा. चर्चगेट ते बोरिवली आणि सीएसएमटी ते ठाणे, दोन्ही सुमारे ३४ किलोमीटर. धीम्या गाडीने तासाभराचा प्रवास. गिरगावातलं बिऱ्हाड मोडून बोरिवलीला गेलेल्या पात्राचे रोजचे दोन तास कुठून आले ते लेखक सांगतो का, बघा. चांगला लेखक सांगतोच, कधी डब्यातल्या मैत्रीतून, कधी घरी उशिरा पोचण्याच्या सवयीतून. पूर्व-पश्चिम हेही नोंदवा. उपनगरात स्टेशनचा पूल ओलांडला की भाडं, दुकानं, कधीकधी भाषाही बदलते. ‘ती पूर्वेला राहते’ हे दिशादर्शन नसतं.

खुणा जुळत नाहीत तिथे थांबा. पात्र परळला उतरून दहा मिनिटांत चौपाटीवर पोचलं, तर लेखक चुकला असेल किंवा त्याने मुद्दाम शहर चेपलं असेल. एखादी चाळ तर तीन चाळींची मिळून बनवलेली असते. पहिल्या वाचनात अशा जागी फक्त प्रश्नचिन्ह करायचं आणि पुढे जायचं. शोध दुसऱ्या वाचनात. पहिल्याच वाचनात भूगोलाचे गुण कापायला बसलेल्या वाचकाचं पुस्तक सहसा पूर्ण होत नाही.

बोली कानाने वाचा

मुंबईच्या कादंबरीत एकच मराठी नसते. मालवणी माणूस ‘खंय’, ‘थंय’, ‘झील’, ‘चेडू’ म्हणतो. घाटावरचा ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘लई’. गिरगावातला कारकून छापील वाक्यं बोलतो. नाक्यावरचा पोरगा या सगळ्यांत हिंदी आणि गुजराती कालवून ‘राडा’, ‘लोचा’, ‘वांदा’, ‘भंकस’ करतो. डोळ्याने वाचताना हे सगळं एकाच सुरात ऐकू येतं, म्हणून प्रत्येक प्रकरणातला एक संवाद मोठ्याने वाचा. घरात कुणी नसताना वाचलेलं बरं, भाऊ पाध्ये असतील तर विशेष.

अडलेले शब्द वहीत तीन रकान्यांत: शब्द, कोण म्हणालं, कुणाला म्हणालं. प्रकरणाला पाचच शब्द घ्या. जास्त घेतलेत तर वाचन थांबतं आणि वही भरते. तिसरा रकाना खरा कामाचा. एकच पात्र आईशी मालवणीत, साहेबाशी छापील मराठीत आणि मित्राशी बंबईया बोलत असेल तर ते कुठे सैल आहे आणि कुठे बिचकतं, हे लेखकाने न सांगता कळतं.

अर्थासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उपयोगी, मोल्सवर्थ इंटरनेटवर शोधता येतो. नाक्यावरची भाषा मात्र दोन्हींत नाही. गिरणीचे शब्दही अर्धेच सापडतील: साचा म्हणजे माग, साचेखाता म्हणजे विणकामाचा विभाग, धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारं साधन, बदलीवाला म्हणजे कायम कामगार न आल्यास कामावर घेतला जाणारा. यापुढचं गिरणीत काम केलेल्या माणसाला विचारा. अजून आहेत, लवकर विचारा.

पायी फेरी

कादंबरी पूर्ण झाल्यावरच जा. अर्ध्यावर गेलात तर उरलेलं पुस्तक आजच्या रस्त्याच्या रंगात वाचलं जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार, सकाळी साडेसात ते दहा. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या रांगा त्या वेळी इमारती झाकत नाहीत. पुस्तक नेऊ नका, हवे ते तीन-चार उतारे फोनवर फोटो काढून न्या आणि त्या त्या जागी उभे राहून वाचा. एका फेरीत एवढे पुरेत.

गिरगावासाठी चर्नी रोडला पूर्वेकडे उतरा, जगन्नाथ शंकरशेट मार्गावर या, खोताची वाडी बघा, जवळच केशवजी नाईकांच्या चाळी. १८९३ पासूनच्या गणेशोत्सवासाठी त्या प्रसिद्ध आहेत. पुन्हा मुख्य रस्त्याला लागून ठाकूरद्वार, चिराबाजार करत धोबीतलावापर्यंत. नुसतं चाललात तर पाऊण तास, थांबत गेलात तर दोन. वाड्यांची तोंडं अरुंद आहेत, आत गेल्यावर आवाज एकदम कमी होतो. कादंबरीतला ‘शांत’ हा शब्द त्या जागी पारखून घ्या.

गिरणगावासाठी लोअर परळला उतरून ना. म. जोशी मार्गाने करी रोड नाका, तिथून महादेव पालव मार्गाने रुळांवरचा पूल ओलांडून भारतमाता सिनेमाचा नाका, मग लालबाग, शेवटी चिंचपोकळी स्टेशन. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा गिरणीच्या फाटकापासून चाळीच्या दारापर्यंत पावलं मोजा. भोंगा झाल्यावर किती वेळात माणूस फाटकाशी पोचायचा, याचा हिशेब लागतो. लालबागच्या उड्डाणपुलाखालून मात्र पायीच जायचं, वरून टॅक्सीने गेलात तर नाका दिसणारच नाही.

‘माहीमची खाडी’साठी चालावंही लागत नाही. पश्चिम रेल्वेवर माहीम ते वांद्रे या दरम्यान खिडकीशी उभे राहा, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. वास आणि रंग दोन्ही वेगळे असतात. भरतीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

चाळ म्हणजे राहतं घर. गॅलरीत शिरून फोटो काढू नका, खाली बसलेल्यांना आधी विचारा, आणि ‘इथे अमुक कादंबरीतली ती बाई राहायची का’ असा प्रश्न कुणाला करू नका. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, बऱ्याच जागी पत्रे लागलेत. जी चाळ बघायची ती या हिवाळ्यात बघा.

चौघांत वाचताना

गट सहा ते आठ जणांचा, आठवड्याला पन्नासेक पृष्ठं, एका कादंबरीला चार-पाच आठवडे. त्याच भागात वाढलेला एक तरी सभासद असावा, पण दोन नसावेत. दोन असले की ते एकमेकांशी बोलत बसतात आणि पुस्तक मिटून जातं. ‘आमच्याकडे असं नव्हतं’ या वाक्याला बैठकीत सुरुवातीचीच दहा मिनिटं द्या, म्हणजे ते निघून जातं. ‘सिंहासन’ घेतलीत तर हा मंत्री म्हणजे खरा कोण, यावर संध्याकाळ उडेल. त्याऐवजी प्रत्येकाला एक पात्र वाटून द्या आणि त्याला या शहराकडून काय हवंय एवढंच सांगायला लावा.

आता आपली गल्ली

तीन-चार पुस्तकं अशी झाल्यावर आपल्या भागातली कादंबरी उघडा. पहिल्या वाचनात नकाशा नाही, आराखडा नाही, सलग. दुसऱ्या वाचनात समासात दोनच खुणा: माहीत होतं तिथे टिंब, माहीत नव्हतं तिथे फुली. ओळखीच्या रस्त्यावर इतक्या फुल्या पडलेल्या पाहून बहुतेकांना धक्का बसतो. त्या फुल्यांची यादी करा आणि शेजारच्या सत्तरीच्या पुढच्या कुणाला तरी विचारायला जा. प्रश्न नेमके ठेवा: इथे नळाला पाणी किती वाजता यायचं, या कोपऱ्यावर आधी काय होतं, चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे आला. ‘पूर्वी कसं होतं हो’ असं विचारलंत तर ‘फार छान होतं’ एवढंच उत्तर येईल. मिळालेलं तारीख घालून कागदावर लिहा आणि त्या पृष्ठाशी ठेवून द्या. टिंबं-फुल्या स्वतःच्या प्रतीवरच हं. वाचनालयाची प्रत असेल तर सगळं वहीत, पृष्ठक्रमांकासकट.